थंडीत धावणारी मोटरहोम: मागे बसलेल्यांना ऊब कुठून मिळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन हिमाचल आणि लडाखकडे निघण्याचे बेत महाराष्ट्रात शिजू लागतात. अटल बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलला भर हिवाळ्यातही पोहोचता येते. शिमला, रामपूर, नाको या वाटेने स्पितीतल्या काझापर्यंतचा रस्ताही बर्फ बाजूला सारून शक्यतो चालू ठेवला जातो. पर्यटनाच्या पानांवर अशा सहलींबद्दल खूप येते. मुक्कामी गाडी उभी असताना काय पांघरावे, हेही येते. पण दिवसाचे सहा-सात तास गाडी रस्त्यावर असते आणि मुले, आजी-आजोबा मागच्या भागात बसलेले असतात. त्या वेळी तिथे ऊब कशी येणार, याविषयी फारच थोडे वाचायला मिळते. जे मिळते त्यातही काही सल्ले जिवावर बेतणारे असतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

आपल्याकडे बांधल्या जाणाऱ्या मोटरहोमचा आराखडा कोकण, गोवा, महाबळेश्वर नजरेसमोर ठेवून होतो. एसी किती टनाचा, पंखे किती, फ्रिज केवढा, हे ग्राहक विचारतो आणि बांधणाराही तेच सांगतो. हीटर म्हणजे डॅशबोर्डवरचा लाल-निळा नॉब, एवढीच समजूत दोन्हीकडे असते. तो नॉब फक्त ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या माणसाच्या पायांपुरता असतो.

हिशोब सोपा आहे. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात उतरते. हे ८०-९० अंशांचे कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरते. त्यावरून ब्लोअर हवा फेकतो आणि पुढची केबिन तापते. मागचा भाग धरा ४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. त्याचे छत, जमीन आणि भिंती मिळून सुमारे ३५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. बाहेर उणे १५ आणि आत २० अंश हवे असतील, तर फरक ३५ अंशांचा. आतून नुसता पत्रा असेल तर इतक्या फरकाला साडेसहा किलोवॅटच्या आसपास उष्णता सतत बाहेर जाते. त्याच पत्र्याला आतून २५ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम नीट चिकटवला, तर हाच आकडा दोन किलोवॅटच्या आत येतो. हीटर केवढा घ्यायचा ते या दोन आकड्यांवर ठरते. म्हणून आधी फोम आणि मग हीटर, हा क्रम उलटवू नये.

गाडी धावू लागली की हिशोब आणखी बिघडतो. वाऱ्यामुळे पत्रा हवेपेक्षा थंड होत नाही, पण उष्णता फार भराभर निघून जाते. शिवाय दारांच्या फटी, खिडक्यांच्या सरकत्या काचा, वायरी-नळ्यांसाठी पाडलेली भोके यांतून थंड हवा आत ढकलली जाते. उभ्या गाडीला पुरणारा हीटर ताशी ५० किलोमीटरला अपुरा पडतो, त्याचे कारण हेच. जमिनीतल्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी रिंग, आणि वर फट बुजवणारा पीयू सीलंट, दारांचे गास्केट नवे आणि त्यावर सिलिकॉनचा हात, एवढे काम हजार-दोन हजार रुपयांत होते आणि त्याचा परिणाम महागड्या हीटरइतका जाणवतो.

फोम निवडताना नायट्राइल रबराचा किंवा क्रॉसलिंक पॉलिथिनचा घ्यावा. ग्लासवूल घरात चालते, गाडीत नको. माणसांच्या श्वासातली वाफ त्यात शिरते, थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि दोन हिवाळ्यांत पत्रा आतून गंजतो. चंदेरी बबल-शीट पत्र्याला थेट चिकटवून ‘पूर्ण इन्सुलेशन’ म्हणून विकली जाते, तिचा उपयोग नगण्य आहे. चकाकत्या पृष्ठभागासमोर हवेची पोकळी असेल तरच तो काम करतो. काचांकडे तर कुणाचेच लक्ष नसते. प्रवासी व्हॅनवर बांधलेल्या मोटरहोमला पाच-सहा चौरस मीटर एकेरी काच असू शकते, आणि तेवढी काच एकटी सव्वा किलोवॅट खाते. ड्रायव्हरला ज्या काचांतून पाहावे लागत नाही, त्या सगळ्यांना मापाने कापलेले फॉइल लावलेल्या फोमचे तुकडे बसवावेत. मुलांना बाहेर बघायला एक खिडकी मोकळी ठेवली तरी चालते.

आता मुख्य गोष्ट. गाडी चालू असताना मागच्या भागाला ऊब देण्याचा सर्वांत सुरक्षित आणि जवळजवळ फुकटचा मार्ग म्हणजे मागे दुसरा हीटर कोअर बसवणे. थंड प्रदेशातल्या बसगाड्यांत सीटखाली असतो तसाच. चार-पाच किलोवॅटचा, १२ व्होल्टच्या ब्लोअरसह मिळणारा हा डबा मागच्या सीटच्या खाली जमिनीलगत लावावा, कारण गरम हवा आपोआप वर चढते. पुढच्या हीटरकडे जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही नळ्यांवर पितळी टी-जॉइंट टाकून तिथून १६ मिलिमीटर आतल्या व्यासाची ईपीडीएम रबराची कूलंट नळी मागे न्यायची. साधी पाण्याची किंवा हवेची नळी गरम कूलंटला महिनाभरही टिकत नाही. दोन्ही फाट्यांवर एकेक कॉक हवाच. उन्हाळ्यात मागचा हीटर बंद ठेवता येतो आणि वाटेत मागची नळी फुटली तर दोन कॉक बंद करून गाडी पुढे नेता येते. हे कॉक नसलेली बांधणी स्वीकारूच नये.

नळी गाडीखालून जाते तिथे दोन चुका हमखास होतात. पहिली, ती उघडीच सोडतात. मग कूलंट मागे पोहोचेपर्यंत बरीच ऊब रस्त्याला वाटून मोकळे होते. १९ मिलिमीटर जाडीची नायट्राइल फोमची नळी तिच्यावर चढवून वरून टेप आणि चाकाच्या आसपास जाड प्लास्टिकचे कवच हवे, कारण स्पितीच्या वाटेवर खडी सतत उडते. दुसरी चूक म्हणजे टी-जॉइंटनंतर कूलंट मागे जातच नाही. पाण्याला जवळची वाट सोपी, ते पुढच्या कोअरमधूनच परत फिरते. यावर उपाय म्हणजे मागच्या फाट्यावर १२ व्होल्टचा छोटा फिरवणारा पंप. मागच्या ब्लोअरला स्वतंत्र रिले आणि १५ अँपिअरचा फ्यूज द्यावा. नळीवर ५० अंशांचा थर्मल स्विच लावला तर इंजिन तापेपर्यंत ब्लोअर थंड हवा फेकत नाही. पन्नास-शंभर रुपयांची ही वस्तू आहे, आणि पहाटे निघताना तिच्याइतकी कशाचीच आठवण होत नाही.

जाऊन-येऊन १० मीटर नळीत २ लिटर कूलंट मावते, कोअरचे वेगळे. म्हणून काम झाल्यावर जवळपास ३ लिटर जादा भरावे लागते, आणि भरताना आत हवा अडकते. गाडीचे नाक चढाकडे करून उभी करायची, दोन्ही हीटर पूर्ण गरमवर, कॉक उघडे, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवत थोडे थोडे भरत राहायचे. डॅशबोर्डमागे खळखळ आवाज येत असेल तर अजून एअर आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहायची. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

इथे आपल्या गॅरेजमधल्या तीन सवयींबद्दल कळकळीने लिहावेसे वाटते, कारण सह्याद्रीच्या हवेत त्या खपून जातात आणि हिमालयात नडतात. पहिली म्हणजे कूलंट कमी झाले की नळाचे किंवा बोअरचे पाणी टाकणे. कूलंटमध्ये अर्धे ग्लायकोल, म्हणजे गोठू न देणारे रसायन, आणि अर्धे शुद्ध पाणी असेल तर मिश्रण उणे ३६-३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एक तृतीयांशच ग्लायकोल उरले असेल तर उणे १७-१८च्या पुढे भरवसा नाही, आणि काझात जानेवारीची रात्र त्याहून खाली जाते. गोठताना पाणी नऊ टक्क्यांनी फुगते, त्यात रेडिएटर फुटतो किंवा इंजिनचा ब्लॉक तडकतो. रिफ्रॅक्टोमीटरने कूलंटच्या दोन थेंबांत गोठणबिंदू कळतो. निघण्याआधी ही तपासणी मागून घ्या. आणि ‘जास्त चांगले’ म्हणून शुद्ध ग्लायकोल भरू नका, ते उणे १३च्या आसपासच गोठते.

दुसरी सवय, इंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकणे. असे इंजिन मैदानात चालते, पण थंडीत त्याच्या तापमानाचा काटा कधीच मधोमध येत नाही आणि हीटरमधून कोमट वारा येतो. हीटरची तक्रार आली तर आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते पाहावे. तिसरी, हीटरचा नॉब वर्षानुवर्षे न फिरवणे. कोअरमध्ये गाळ बसतो आणि कॉक जाम होतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर, ते बंद करून, फॅन आणि बेल्टपासून हात दूर ठेवत, हीटरच्या दोन्ही नळ्यांना कापडातून हात लावा. दोन्ही चटका देणाऱ्या असतील तर उत्तम. एक गरम आणि एक गार असेल तर कोअर तुंबला आहे किंवा कॉक बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा कमी कूलंटचा. ही तपासणी ऑक्टोबरात पुण्यात व्हायला हवी, शिमल्यापुढच्या नारकंड्याला नव्हे.

इंजिनच्या उष्णतेलाही मर्यादा आहेत. डिझेल इंजिन रिकामे चालताना फारच थोडी उष्णता देते. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनात डिझेल जातच नाही. लांब घाट उतरताना काटा खाली येतो आणि हीटर थंडावतो, तो बिघाड नव्हे. उत्तरेकडचे ट्रकवाले रेडिएटरसमोर ताडपत्री किंवा पुठ्ठा बांधतात. मोटरहोमवर तसे करायचे असेल तर निम्म्याहून जास्त झाकू नये, इंटरकूलरसमोरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीसमोरचा) भाग मोकळा ठेवावा आणि चढ लागला की काट्यावर नजर ठेवून काढून टाकावे. रस्ता बंद होऊन तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागले तर इंजिनच्या भरवशावर मागचा भाग उबदार राहणार नाही. तिथे दुसरी सोय लागते.

ती सोय म्हणजे डिझेलवर चालणारा एअर हीटर. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांचे २ आणि ४ किलोवॅटचे हीटर या कामात जुने आहेत. स्वस्त चिनी हीटरही भरपूर मिळतात, पण त्यांच्यावर छापलेल्या किलोवॅटच्या आकड्यांवर विसंबू नये. या हीटरची खरी सुरक्षितता एकाच गोष्टीत आहे: जळण्यासाठी लागणारी हवा गाडीबाहेरून येते, धूर बाहेर जातो आणि आतली हवा फक्त गरम झालेल्या धातूवरून फिरते. बांधणीत ही फारकत बिघडली तर तोच हीटर घातक ठरतो. हीटरच्या बुडाचे गास्केट जमिनीवर सपाट बसलेच पाहिजे. धुराच्या नळीचा एकही जोड गाडीच्या आत असता कामा नये. नळीचे तोंड बॉडीच्या कडेपर्यंत आणून खाली किंवा मागे वळवावे, उघडणाऱ्या खिडकीखाली येऊ देऊ नये. ते पुढे तोंड करून बसवले तर धावत्या गाडीचा वारा धूर उलटा ढकलतो, ज्योत विझते आणि हीटर एरर दाखवून बंद पडतो. ‘उभी असताना चालतो, रस्त्यावर बंद पडतो’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. हवा घेणारी नळी चाकाच्या चिखल-बर्फापासून आणि धुराच्या तोंडापासून लांब हवी. धुराची नळी शेकडो अंशांनी तापते, तिच्या शेजारून ब्रेकची किंवा डिझेलची नळी नेऊ नये.

डिझेलचा छोटा पंप आडवा न लावता, डिझेल बाहेर सोडणारे तोंड वर ठेवून १५ ते ३५ अंश तिरका लावावा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. जोडांवर बारीक नायलॉन नळीची टोके रबरी तुकड्याच्या आत एकमेकांना टेकलेली असावीत. मुख्य टाकीतून डिझेल घेताना नळी टाकीच्या तळापर्यंत नेऊ नये. चौथा हिस्सा शिल्लक राहील अशी उंची ठेवली तर हीटर रात्रभर चालूनही सकाळी गाडी सुरू होते. ४ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला सुमारे अर्धा लिटर डिझेल पितो, मंद चालताना त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे. पेटताना ज्योत पेटवणारा ग्लो प्लग ८-१० अँपिअर घेतो, नंतर एक-दोन अँपिअर पुरतात. बंद केल्यावर तीन ते पाच मिनिटे त्याचा पंखा आतला भाग थंड करत फिरतो. त्या वेळी मेन स्विच खेचला तर आतले भाग जळतात. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी हीटर बंद असलाच पाहिजे, म्हणजे पंप दिसण्यापूर्वी पाच मिनिटे बटण दाबायचे.

उंचीचा प्रश्न मात्र इथल्या विक्रेत्यांना सहसा ठाऊक नसतो. काझा किंवा लेहच्या, म्हणजे साडेतीन हजार मीटरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. साधा हीटर सुमारे १५०० मीटरपर्यंतच्या हिशोबाने डिझेल सोडतो. वर गेल्यावर हवा कमी, डिझेल तेवढेच, म्हणून काजळी. ती ग्लो प्लगच्या जाळीत बसते आणि दोन-तीन दिवसांत हीटर पेटेनासा होतो, नेमका सर्वांत थंड रात्री. दाबमापक सेन्सर असलेला हीटर किंवा त्या कंपनीचा उंचीसाठीचा जोडसंच घ्यावा. ज्या कंट्रोलरमध्ये डिझेल सोडणाऱ्या पंपाचे ठोके बदलता येतात तिथे या उंचीवर ते पाव ते एक तृतीयांशाने कमी करावेत. मंद आचेवर रात्रभर घुमत ठेवण्यापेक्षा रोज बंद करण्याआधी १५-२० मिनिटे पूर्ण जोरात चालवावा म्हणजे काजळी जळून जाते. एक ग्लो प्लग, एक जाळी आणि ते खोलायचे पाने सोबत असावेत.

उत्तर युरोपात आणखी एक चांगली पद्धत आहे. हवा तापवण्याऐवजी कूलंटच तापवणारा डिझेल हीटर. तो इंजिन सुरू होण्याआधीच कूलंट गरम करतो. मागचा कोअर बसवलेला असेल तर त्याच नळ्यांतून मागचा भाग तापतो आणि इंजिनही सहज सुरू होते. खर्च जास्त आहे, पण दरवर्षी बर्फात जाणाऱ्यांनी याचाच विचार करावा.

डिझेलचे डिझेलपण थंडीत टिकेलच असे नाही. भारतीय मानकात डिझेलच्या प्रवाहबिंदूची, म्हणजे ज्याखाली ते वाहत नाही त्या तापमानाची मर्यादा हिवाळ्यासाठी ३ अंश आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश आहे. त्याच्या थोडे आधीच त्यातले मेण जमू लागते, फिल्टर तुंबतो, आणि हीटरची दोन मिलिमीटरची नळी तर इंजिनच्याही आधी. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणले. ते जिथे मिळेल तिथे टाकी शक्य तितकी रिकामी करून भरावे, मैदानातल्या भरलेल्या टाकीत वर दहा लिटर ओतून उपयोग नाही. बीएस-६ इंजिनात रॉकेल मिसळण्याचा सल्ला मानू नये, इंजेक्टर आणि धुराची यंत्रणा बिघडते. ज्या गाडीत डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावण लागते, त्याची टाकी काठोकाठ भरू नये. ते उणे ११ला गोठते आणि फुगते.

‘इन्व्हर्टरवर खोली तापवायचा हीटर लावा’ हा सल्लाही वारंवार दिला जातो. १५०० वॅटचा हीटर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे-दीडशे अँपिअर खेचतो. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी त्याला तासभरही पुरत नाही, आणि गाडीच्या अल्टरनेटरची बहुतेक सगळी ताकद तोच खाऊन टाकतो. त्याऐवजी ४०-५० वॅटचे १२ व्होल्टचे गरम ब्लँकेट मागे बसलेल्या आजींच्या गुडघ्यांवर घाला. खोली तापवण्याऐवजी माणूस तापवणे विजेला परवडते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज होऊ देऊ नये, म्हणून तिची जागा आतल्या उबेत हवी.

आता गॅस. घरगुती लाल सिलिंडर बांधून त्यावर हीटर किंवा शेगडी चालू गाडीत पेटती ठेवणे, हे कोणत्याही कारणाने करू नये. गाडी आदळली आणि नळी निखळली तर गॅस थांबवणारे काहीच तिथे नसते. शिवाय आपल्या गॅसमध्ये ब्युटेनचा वाटा मोठा असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच वायुरूप होणे थांबवते, त्यामुळे कडाक्यात सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मरते. उघड्या ज्योतीचा दुसरा तोटा म्हणजे एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येते. तेच काचेवर आणि गादीखाली जमते. चार माणसांच्या श्वासातूनच रात्रीत लिटरभर पाणी येते, त्यात ही भर.

परदेशात मोटरहोम भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे. युरोपातल्या गाड्यांत गॅसचा हीटर चालत्या गाडीतही वापरता येतो, पण त्यासाठी अपघातात गॅस तोडणारा सेन्सर असलेला रेग्युलेटर आणि प्रत्येक सिलिंडरच्या नळीवर फाटल्यास बंद होणारा व्हॉल्व्ह असावा लागतो. सिलिंडर बदलल्यावर त्या नळीवरचे बटण दाबायचे राहिले की हीटर पेटत नाही आणि माणसे रात्रभर कुडकुडतात. हिवाळ्यात सिलिंडर प्रोपेनचाच मागावा, तो उणे ४२पर्यंत वायुरूप होतो. गाडी घेताना मालकाकडून या रेग्युलेटरची जागा आणि ते बटण स्वतः पाहून घ्यावे. इंग्लंड-फ्रान्स बोगद्यातून जाताना गॅस बंदच हवा, आणि अमेरिकेत बाल्टिमोरच्या बोगद्यांतून प्रोपेनच्या टाक्या असलेल्या मोटरहोमला बंदी आहे. वाट आधीच ठरवावी.

सगळ्यात शेवटी, पण जिवाच्या दृष्टीने सर्वांत आधी, कार्बन मोनॉक्साइड. कोळशाची शेगडी, अंगीठी किंवा बाहेर नीट पेटवून ‘धूर गेल्यावर’ आत आणलेले निखारे बंद गाडीत हा वायू सोडत राहतात. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. पहिली लक्षणे म्हणजे डोके दुखणे, मळमळ, गुंगी. आणि उंचावरची विरळ हवा लागल्याची लक्षणेही हीच! मुलाला उलटी झाली की घरचे म्हणतात, उंचीमुळे असेल, झोपू दे जरा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसवतो, कारण या वायूने व्यापलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलेच दिसते. एकाच वेळी गाडीतल्या दोघा-तिघांचे डोके दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत उतरल्यावर बरे वाटले, तर उंचीला दोष न देता हीटर बंद करावा, दारे उघडावीत, सगळ्यांना बाहेर काढावे आणि जवळचे इस्पितळ गाठावे.

हा वायू आपल्याच इंजिनाच्या धुरातूनही येतो. धावणाऱ्या चौकोनी गाडीच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते, तिच्यात सायलेन्सरचा धूर घुटमळतो आणि मागची खिडकी किंवा दाराची फट मिळाली की आत ओढला जातो. छताचा झरोका चालत्या गाडीत उघडा ठेवला तर तो आतली हवा शोषून काढतो आणि तिची जागा खालच्या भोकांतून आलेली हवा घेते. म्हणून चालताना मागच्या खिडक्या आणि झरोका बंद, आणि पुढच्या ब्लोअरचा नॉब ‘ताजी हवा’वर. ऊब टिकावी म्हणून तो ‘आतली हवा’वर ठेवायचा मोह होतो, पण ताज्या हवेने आत किंचित दाब राहतो, धूर बाहेर राहतो आणि पुढच्या काचेवरची वाफही जाते. ड्रायव्हरच्या मागे जाड पडदा लावत असाल तर तो खाली वीतभर आखूड ठेवा, म्हणजे ही हवा मागे पोहोचते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ईएन ५०२९१-२ या मानकाचा घ्यावा, हा दुसरा भाग गाड्या आणि बोटींसाठीचा आहे. तो झोपण्याच्या जागी उशीच्या उंचीला लावायचा, हीटरच्या तोंडासमोर किंवा खिडकीलगत नाही. दर सकाळी बटण दाबून तपासायचा आणि त्यावर छापलेली मुदत संपली की बदलायचा.

आपल्या वृत्तपत्राला आमची एक विनंती आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि वाहनांची चाचणी करणारी एआरएआय पुण्यातच, कोथरूडला आहे. मोटरहोम भाड्याने देणाऱ्यांनी हिवाळी सहलीची नोंदणी घेताना चार गोष्टी पावतीवर लिहून द्याव्यात, यासाठी आपण पाठपुरावा करावा: मागे इंजिनवर चालणारा हीटर आहे की नाही, डिझेल हीटर किती मीटर उंचीपर्यंतचा, कूलंटचा मोजलेला गोठणबिंदू, आणि अलार्मची मुदत. ज्या पावतीवर हे चार रकाने कोरे असतील, ती गाडी घेऊन कुटुंबाने मनालीच्या पुढे जाऊ नये.

कळावे,
आपले,
मोटरहोम बांधणी आणि दुरुस्तीच्या कामातले काही तंत्रज्ञ,
भोसरी, पुणे